उंच गाडी, बुटकी गाडी

डेट्रॉइटच्या आसपास राहणाऱ्या मराठी माणसाला तीन विषयांवर मत असावंच लागतं : हिवाळा, मंडळाची पुढची कार्यकारिणी आणि गाड्या. पहिल्या दोन विषयांत आपल्या हातात फारसं काही नसतं, हे सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे ती भांडणं चहाबरोबर संपतात. तिसरं भांडण मात्र आमच्या मंडळात पंचवीस-तीस वर्षं चालू आहे. याचं कारण उघड आहे. आमच्याकडे निम्म्या घरांत कोणी ना कोणी गाडीच्या कुठल्या तरी भागावर पोट भरतं. कोणी दरवाजाच्या रबरावर, कोणी ब्रेकवर, कोणी सीटच्या स्प्रिंगांवर. न्यू जर्सीचा मराठी माणूस गाडी विकत घेतो. आमच्याकडचा माणूस आधी तिच्याखाली वाकून बघतो आणि 'हा भाग कोणी केलाय, मला माहीत आहे' असं म्हणून मग आत बसतो.

आम्ही म्हणजे आम्ही दोघं नवरा-बायको. आमच्यापैकी एकाने आयुष्यभर वायपरच्या मोटरी केल्या आणि दुसरीने हायस्कुलात गणित शिकवलं. गाड्यांबद्दल मतं दोघांनाही आहेत आणि ती एक नाहीत. हा लेख मात्र दोघांनी मिळून लिहिलाय. जिथे एकमत झालं नाही तिथे तसं सांगूच.

तर आमच्या मंडळात दोन पक्ष. एक सेडानवाल्यांचा. त्यांच्या मते गाडी म्हणजे पुढे इंजिन, मागे डिकी, मधे माणसं आणि हे सगळं जमिनीला धरून. या पक्षाचे पुढारी आमचे काका. सख्खे नव्हेत, सगळ्या मंडळाचे. त्यांची सारी नोकरी सस्पेन्शनमध्ये गेली. दुसरा पक्ष एसयूव्हीवाल्यांचा, त्यांचे पुढारी भाऊ. हे मोठ्या ट्रकांच्या आणि एसयूव्हींच्या सांगाड्यांवर काम करून निवृत्त झाले आणि आज चामड्याच्या सीटांची, वरून सगळं आकाश दिसणारी, जवळजवळ सहा हजार पौंडांची गाडी चालवतात. काका आणि भाऊ एकाच वर्षी अमेरिकेत आले. पहिला हिवाळा दोघांनी एकाच बेसमेंटमध्ये काढला आणि पहिली गाडीही दोघांनी अर्धे अर्धे पैसे घालून घेतली होती. त्यामुळे एकमेकांना काय बोललं म्हणजे लागतं, हे दोघांनाही नेमकं माहीत आहे.

काकांचा मुद्दा समजायला इंजिनियर असावं लागत नाही. ते म्हणतात, "पाटावर बसलेल्याला धक्का दिला तर तो हलतो, स्टुलावर बसलेल्याला दिला तर तो पडतो." वजन जितकं वर, तितकी वळणावर गाडी कलणार, आणि वजन जितकं जास्त, तितकं ते थांबवायला आणि वळवायला अवघड. २००० सालच्या ऑगस्टमध्ये फायरस्टोनने पासष्ट लाख टायर परत बोलावले, ते प्रकरण आमच्या पिढीतल्या सगळ्यांना आठवत असेल. त्यातले बरेचसे टायर फोर्ड एक्सप्लोरर या एसयूव्हीवर होते आणि टायर फाटून गाड्या उलटल्याने दोनशेच्या वर माणसं गेली. टायर दोषी की गाडी दोषी, यावर दोन्ही कंपन्यांचं जाहीर भांडण झालं आणि जवळजवळ शंभर वर्षांचा संबंध तुटला. त्या वर्षी आमच्या दिवाळीच्या कार्यक्रमात नाटकाच्या मध्यंतरापेक्षा या वादाचं मध्यंतर लांबलं होतं.

भाऊंचं उत्तरही ठरलेलं. तो काळ गेला. २०१२ च्या मॉडेलपासून अमेरिकेत प्रत्येक नव्या गाडीला घसरण सावरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा सक्तीची आहे. गाडी वाकडी जातेय असं वाटलं की ती एकेका चाकाला आपणहून ब्रेक लावते, आणि त्यामुळे उंच गाड्या उलटण्याचं प्रमाण खूपच उतरलं. हे खरं आहे. काकाही ते मान्य करतात. फक्त वर म्हणतात, "कॉम्प्युटरने धरून ठेवलं म्हणून स्टुलाचा पाट होत नाही."

भाऊंचा हुकमी एक्का मात्र वेगळाच आहे. मंडळाचा गणपती गेली कित्येक वर्षं त्यांच्या गाडीतून येतो. मखर, समया, दोन तबले, हार्मोनियम, घडीची टेबलं आणि मूर्तीला धरून बसलेल्या तीन बायका, हे सगळं एका फेरीत. "तुमच्या सेडानच्या डिकीत गणपती आडवा घालून आणायचा का?" असं त्यांनी एकदा भर सभेत विचारलं आणि काकांना उत्तर सुचलं नाही. आमच्यापैकी एकीला आजही तो मुद्दा बिनतोड वाटतो. दुसऱ्याचं म्हणणं असं, की वर्षातून एकदा येणाऱ्या गणपतीसाठी उरलेले ३६४ दिवस सहा हजार पौंड घेऊन दूध आणायला का जायचं?

या वादाचं मूळ खरं तर गाडीत नाही, कायद्यात आहे आणि ती गोष्ट मोठी गमतीची आहे. १९७३ साली अरब देशांनी तेल रोखलं, पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या आणि १९७५ मध्ये अमेरिकन सरकारने कायदा केला, की प्रत्येक कंपनीच्या गाड्यांनी सरासरी अमुक इतकं मायलेज दिलंच पाहिजे. मोटारींसाठी ही अट गॅलनला साडेसत्तावीस मैलांपर्यंत चढवण्यात आली. ट्रक मात्र शेतकऱ्याचा आणि सुताराचा, म्हणून त्याला सवलत. अगदी १९९६ पासून २००४ पर्यंत ट्रकांची अट २०.७ मैलांवरच होती. पुढे १९७८ मध्ये जास्त पेट्रोल पिणाऱ्या मोटारींवर वेगळा कर बसला. त्यातूनही ट्रक सुटला. आणि एसयूव्ही कागदोपत्री कोण? ट्रक! म्हणजे सात माणसं बसवणारी जुनी लांबलचक स्टेशन वॅगन ही मोटार, तिला दंड. तेच कुटुंब, तीच भांडी, तोच कुत्रा फूटभर उंच गाडीत चढवला की तो ट्रक, त्याला सूट. स्टेशन वॅगन का मेली, असं कोणी विचारलं तर आम्ही म्हणू, तिला फॅशनने मारलं त्याहून जास्त या एका व्याख्येने मारलं. पेट्रोल वाचवायला केलेल्या कायद्यातून पेट्रोल पिणारी गाडी जन्माला आली.

त्यावर कळस झाला २००३ मध्ये. धंद्यासाठी घेतलेल्या सहा हजार पौंडांवरच्या गाडीची एक लाख डॉलरपर्यंतची किंमत पहिल्याच वर्षी उत्पन्नातून वजा करायची मुभा मिळाली. ही सवलत शेतकऱ्याच्या ट्रकसाठी असावी, पण ती सर्वांत आधी कळली डॉक्टरांना आणि रिअल इस्टेटवाल्यांना. आमच्या मंडळातही त्या वर्षी स्टेथोस्कोपखेरीज काहीही न वाहून नेणारे दोन-तीन 'ट्रक' दाखल झाले. पुढच्याच वर्षी, २००४ च्या ऑक्टोबरात, काँग्रेसने एसयूव्हीसाठी ही रक्कम पंचवीस हजारांवर आणली.

चैनीची एसयूव्ही ही कल्पना मात्र त्याहून जुनी. इथून तासाभरावर ओहायोतल्या टोलेडोला १९६३ च्या मॉडेलची जीप वॅगोनियर निघाली. पुढे तिच्या कुशीवर लाकडासारखं दिसणारं प्लास्टिक चिकटवलं गेलं आणि ती श्रीमंतांच्या बंगल्यांपुढे उभी राहू लागली. इंग्लंडात १९७० साली रेंज रोव्हर आली. तिची मजा अशी, की सुरुवातीच्या रेंज रोव्हरमध्ये चैन नव्हतीच. रबरी-प्लास्टिकची जमीन, साध्या सीटा, आणि चिखल झाला तर आत पाण्याचा पाइप सोडून धुऊन काढायची सोय. शेतावरचा इंग्रज जमीनदार हाच तिचा गिऱ्हाईक. १९८७ मध्ये ती अधिकृतपणे अमेरिकेत विकायला आली तोवर तिच्यात चामडं आणि लाकूड शिरलं होतं. पाइप लावायची आता कोणाची छाती होणार?

आमच्या डोळ्यांदेखत घडलं ते त्यानंतरचं. १९९७ मध्ये लिंकनने नॅव्हिगेटर काढली, इथेच, मिशिगनच्या वेन गावातल्या कारखान्यात. कॅडिलॅकने घाईघाईने दुसऱ्या वर्षी एस्कलेड काढली. घाई इतकी की ती पहिली एस्कलेड म्हणजे जवळजवळ जीएमसीच्याच गाडीवर लावलेलं नवं नाव होतं. त्याच सुमारास मर्सिडीजने अलाबामात एम-क्लास बांधायला घेतली, १९९९ मध्ये बीएमडब्ल्यूने साउथ कॅरोलिनात एक्स-फाइव्ह. आणि १९९८ मध्ये लेक्ससची आरएक्स ३०० आली, जिचं महत्त्व तेव्हा कोणाला कळलं नाही. ती ट्रकच्या सांगाड्यावर नव्हती, टोयोटा कॅमरीच्या पायावर होती. काका तिला 'उंच टाचांची कॅमरी' म्हणायचे. ते चेष्टेने म्हणायचे, पण आज रस्त्यावर दिसणाऱ्या बहुतेक एसयूव्ही या अशाच टाचा घातलेल्या मोटारी आहेत. म्हणून 'एसयूव्ही चांगली की वाईट' असं जे लोक एका दमात विचारतात, त्यांना आम्ही आधी विचारतो, कुठली? सांगाड्यावरची ट्रक, की टाचेवरची कॅमरी? दोघींत वजनाचा एक ते दीड हजार पौंडांचा फरक असू शकतो.

शौकिनांच्या दृष्टीने खरा धर्म बुडाला तो २००२ मध्ये, पोर्शने केयेन काढली तेव्हा. स्पोर्ट्स कारवाल्या कंपनीची उंच, जड, पाच दारांची गाडी! काका दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. पण झालं असं, की केयेन धडाक्याने खपली आणि शौकिनांच्या लाडक्या ९११ ला पैसा कमी पडला नाही. आता पोर्शच्या जगभरच्या खपात निम्म्याहून जास्त गाड्या केयेन आणि तिची धाकटी बहीण मकान याच असतात. मग बेंटलीने २०१५ मध्ये, लॅम्बोर्गिनीने २०१७ मध्ये, रोल्स-रॉइसने २०१८ मध्ये आपापली उंच गाडी काढली, आणि २०२२ मध्ये खुद्द फेरारीनेही. फेरारी आपल्या गाडीला एसयूव्ही म्हणत नाही. चार दारं, चारी चाकांना ताकद, जमिनीपासून वर उचललेली. पण एसयूव्ही नव्हे. आमच्याकडे श्रावणात अंडं घातलेल्या केकला 'बेकरीचा पदार्थ' म्हणतात, तसंच हे.

इथपर्यंत हा सगळा विनोदाचा विषय होता. २०१८ च्या एप्रिलमध्ये फोर्डने जाहीर केलं, की उत्तर अमेरिकेत मस्टँग सोडून आमच्या पारंपरिक मोटारी आता हळूहळू बंद. बाकीच्यांनीही आपापल्या याद्या काढल्या. २०२० मध्ये शेवर्लेची इम्पाला गेली. त्याच वर्षी लिंकनची कॉन्टिनेंटल गेली आणि तेव्हापासून लिंकन कंपनी अमेरिकेत फक्त एसयूव्हीच विकते. क्रायस्लर ३०० ही २०२३ च्या अखेरीस आणि शेवर्ले मालिबू २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये संपली. ही नावं वाचताना बाहेरच्यांना फक्त गाड्या दिसतात. आमच्याकडे प्रत्येक नावामागे चार-सहा कारखाने आणि पन्नास सुटे भाग करणारी दुकानं उभी असतात. काकांची कंपनी अशाच सुट्या भागांची, अनेकांना माल पुरवणारी. सेडानची कामं आटली, तसा काकांचा अख्खा विभाग २०१९ मध्ये बंद झाला. काका तेव्हा अठ्ठावन्न वर्षांचे. एक मुलगी कॉलेजात, घराचं कर्ज अजून सात वर्षं, आणि तब्येतीचा विमा नोकरीला बांधलेला.

त्या दिवाळीत कोणीतरी बोलता बोलता हा विषय काढला आणि भाऊ म्हणाले, "अहो, हा बाजाराचा कौल आहे, त्याला कोण काय करणार?" वाक्य खोटं नव्हतं. त्यांच्या मनातही काही नव्हतं. पण काकांनी हातातली ताटली टेबलावर ठेवली, काकूंना खूण केली आणि दोघं निघून गेले. मग दोन वर्षं ते मंडळात फिरकले नाहीत. मधे कोविड आला त्यामुळे कोणीच फिरकलं नाही, म्हणून ते फारसं कोणाच्या लक्षात आलं नाही इतकंच. आमच्या लक्षात आलं, कारण आमच्यापैकी एकीला काकू दर गुरुवारी फोन करायच्या आणि गाड्यांचा विषय निघाला की तो टाळायच्या.

बाजाराचा कौल म्हणजे काय, याचा आम्ही तेव्हापासून बराच विचार केला. भाऊंच्या बाजूने सांगायचं तर मोठ्या एसयूव्हीच्या एकेका गाडीवर जो नफा सुटतो तो मधल्या सेडानवर कधीच सुटला नाही. त्या नफ्यावर इथली पेन्शनं चालली, मुलं शिकली आणि मंडळाच्या हॉलसाठी देणग्या आल्या. काकांनी ज्या सेडानची सस्पेन्शनं केली त्यांच्या संशोधनाचा खर्चही बऱ्याच अंशी ट्रकनेच उचलला असणार. आणि काकांच्या बाजूने सांगायचं तर कौल कोणाचा आणि मतपत्रिका छापली कोणी? तीस वर्षं एका गाडीला दंड आणि दुसरीला सूट देऊन, मग जाहिराती एकीच्याच करून, लोकांनी आपणहून निवडली असं म्हणण्यात काय अर्थ? शिवाय कॅमरी, अ‍ॅकॉर्ड, सिव्हिक अजून खपतातच. एकट्या कॅमरीचा अमेरिकेतला खप २०२४ मध्ये तीन लाखांच्या वर होता. सेडान मेली नाही, डेट्रॉइटने ती सोडून दिली. या एका बाबतीत आम्हा दोघांचं एकमत आहे.

हे सगळं आम्हाला आता पुन्हा उकरावं लागलं, कारण आमच्या घरात गाडी घ्यायची वेळ आली. आमची अ‍ॅकॉर्ड २००९ सालची, हाताने गिअर टाकायची. आमच्यापैकी एकाचा तिच्यावर फार जीव. पण आई, म्हणजे एकाची आई आणि दुसरीच्या सासूबाई, वर्षातले सहा महिने सांगलीहून आमच्याकडे येतात. वय चौऱ्याऐंशी, उंची पावणेपाच फूट, दोन्ही गुडघे गेलेले. अ‍ॅकॉर्डमध्ये त्या बसत नाहीत, पडतात. उतरताना तर दोघांनी ओढावं लागतं, आणि मग त्या कुठे जायचं नावच काढत नाहीत. गेल्या वर्षी गणपतीला भाऊंनी आपली गाडी आणली. तिच्यात चढायला दार उघडताच पायरी आपोआप बाहेर येते, तरी आईंना ती पुरेना. शेवटी देवापुढचा पाट आणून खाली ठेवला. आई वर चढल्या, चामड्यावर हात फिरवला आणि म्हणाल्या, "बोहल्यावर चढल्यासारखं वाटतंय." मग म्हणाल्या, "रोज कोण चढणार?"

आईंना उंच गाडीचं अप्रूप नाही. आपल्याकडे उंच गाडी चैनीची नव्हती, वऱ्हाडाची होती. पुण्यात बनणारी टाटा सुमो १९९४ साली आली. ते नाव जपानी पैलवानावरून नव्हे, टेल्कोच्या सुमंत मुळगावकरांच्या नावा-आडनावातल्या पहिल्या अक्षरांवरून पडलं, हे पुष्कळांना अजून माहीत नसतं. दहा माणसं, दोन ट्रंका आणि रुखवत घेऊन ती सांगली-कोल्हापूर रस्त्यावर धावायची. तिला कोणी लक्झरी म्हटलं असतं तर मागच्या आडव्या बाकावर बसलेल्यांनी मारलं असतं. चैनीची गाडी म्हणजे फियाट. खालून जाणारी, चार जणांची, पांढऱ्या शुभ्र टॉवेलची गादी घातलेली. ती पद्मिनी मुंबईच्या टॅक्सीतूनही २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये गेली. आणि ज्या टाटांनी सुमो केली त्यांनीच २००८ मध्ये फोर्डकडून जग्वार-लँड रोव्हर घेतली. २०२४ पासून रेंज रोव्हरची जुळणीही पुण्यात होते. आईंना हे सांगितलं तेव्हा त्यांनी फक्त विचारलं, "तिच्यात किती माणसं बसतात?"

म्हणून आमच्यापैकी जी गणिताची, तिने टेप काढली. अ‍ॅकॉर्डची सीट जमिनीपासून वीस इंचांवर. भाऊंच्या गाडीची पस्तीस. आईंची बसायची उंची, म्हणजे उभं राहून नुसतं मागे टेकलं की बूड जिथे येतं ती, सव्वीस-सत्तावीस. गाड्या आखणारे लोकही कमरेच्या सांध्याचा एक बिंदू धरून त्याभोवती सगळी सीट आखतात, असं काकांनी पुढे सांगितलं. वाकावंही लागू नये आणि चढावंही लागू नये, अशी ती उंची नेमकी कुठे मिळते? उंच टाचांच्या कॅमरीत. काकांना हे सांगायला जाणं जिवावर आलं होतं.

दुसरी मोजणी आम्ही मंडळाच्या पिकनिकला केली. आमची नात तीन वर्षांची आहे, आणि आमच्या ड्राइव्ह-वेवर ती कुठून धावत येईल याचा नेम नसतो. मुलांच्या लिंबू-चमच्याच्या शर्यतीसाठी नारिंगी शंकू आणले होते. त्यातला एक भाऊंच्या गाडीच्या नाकापुढे ठेवला आणि भाऊंना स्टिअरिंगमागे बसवलं. शंकू दिसेना. एकेक पाऊल मागे नेत गेलो. पाचव्या पावलाला भाऊ म्हणाले, "आता टोक दिसतंय." नात त्या शंकूपेक्षा फार उंच नाही. मोजणाऱ्यांपैकी कोणीच त्यानंतर काही बोललं नाही. भाऊही नाहीत. नंतर त्यांनी पुढच्या कॅमेऱ्याचा विषय काढला, आणि तो आहे हे खरंच. पण आम्ही सगळे साठीपुढचे लोक, गाडी सुरू केल्यावर पडद्याकडे बघायचं की रस्त्याकडे, हेच आमचं अजून ठरत नाही.

या बाबतीत आकडेही बोलतात. विमा कंपन्यांच्या महामार्ग-सुरक्षा संस्थेने २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये जवळजवळ अठरा हजार अपघात तपासून सांगितलं, की ज्या गाडीचं नाक चाळीस इंचांहून उंच, तिने पायी चालणाऱ्याला ठोकलं तर तो दगावण्याची शक्यता बुटक्या, उतरत्या नाकाच्या गाडीपेक्षा सुमारे ४५ टक्क्यांनी जास्त. कारण सोपं आहे. बुटकी गाडी पायाला लागते आणि माणूस बॉनेटवर पडतो. उंच गाडी छातीला लागते आणि माणूस खाली जातो. अमेरिकेत २००९ मध्ये ४,१०९ पादचारी गेले, २०२२ मध्ये साडेसात हजारांच्या वर. काका हा सगळा आकडा एसयूव्हीच्या नावावर मांडतात, ते आम्हाला पटत नाही. हातातले फोन, रात्रीचे अंधारे सहापदरी रस्ते, फुटपाथच नसणं, यांचाही त्यात वाटा आहे. पण शंकू आम्ही स्वतः मोजलाय.

बाकीचे मुद्दे आम्ही झटपट निकालात काढले. स्नोमध्ये चारी चाकांची ताकद गाडी सुटायला कामाला येते, थांबायला नाही. थांबायला हिवाळी टायर लागतात, आणि ते सेडानलाही बसतात. चैनीच्या एसयूव्हीला हल्ली बावीस इंची चाकं देतात, त्यांवर रबर अगदी पातळ. मिशिगनच्या मार्च महिन्यातल्या खड्ड्यांत त्यांचं काय होतं ते टायरच्या दुकानात जाऊन बघावं. मिनिव्हॅन ही या सगळ्यावर उत्तम तोड आहे, हे दोन्ही पक्षांना ठाऊक आहे आणि दोन्ही पक्ष ते कबूल करत नाहीत.

काका आता पुन्हा नोकरी करतात. हे सांगायचं राहिलं. दोन वर्षं इकडे-तिकडे कंत्राटी काम केल्यावर त्यांना जे मिळालं ते काम असं : चैनीच्या एसयूव्हींची सस्पेन्शनं. हवेवर वर-खाली होणाऱ्या स्प्रिंगा, खड्ड्यागणिक कडक-मऊ होणारे शॉकअ‍ॅब्सॉर्बर, वळणावर गाडीला कलू न देणारी विजेची दांडी. "स्टुलाचा पाट करायचे पैसे मिळतात," असं ते सांगतात. आपल्या कामाची ते उपेक्षा करत नाहीत. सहा हजार पौंडांची पेटी वळणावर सरळ ठेवणं हे सेडानपेक्षा अवघड आहे आणि त्यात खरी कारागिरी आहे, हे त्यांनीच आम्हाला समजावून सांगितलं. पण ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी, वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची ड्रीम क्रूझ निघते तेव्हा, ते सकाळपासून खुर्ची टाकून बसतात आणि जमिनीला चिकटून जाणाऱ्या गाड्या बघत राहतात. १९९५ मध्ये ती सुरू झाल्यापासून एखाद-दुसरंच वर्ष त्यांचं चुकलं असेल.

आम्ही तीन वर्षं वापरलेली एक लेक्सस आरएक्स घेतली, हायब्रिड. आईंची सीट टेपने मोजून. पहिल्या रविवारी आई आपण होऊन देवळात येते म्हणाल्या आणि एकट्या बसल्या, एकट्या उतरल्या. काकांना गाडी दाखवली, तेव्हा ते आधी खाली वाकले, मग चालवायला घेतली. हायवेच्या गोल रॅम्पवर त्यांनी ती जरा जोरातच वळवली. आम्ही मागे दांडी धरून गप्प. परत येऊन किल्ली हातात देत म्हणाले, "वहिनी, डाव्या पुढच्या टायरमध्ये हवा दोन पौंड कमी आहे." मोजली, तर खरंच होती.

अ‍ॅकॉर्ड मात्र आम्ही विकलेली नाही. मिशिगनमध्ये दोन गाड्यांचा विमा म्हणजे काय, हे इथल्यांना सांगायला नको आणि आमच्यापैकी एकीने तो आकडा दोनदा कागदावर मांडून फ्रिजवर लावलाय. कागद अजून तिथेच आहे, गाडीही गराजमध्येच आहे. त्यातून भाऊंच्या धाकट्याला हाताने गिअर टाकायला शिकायचंय; आणि तशी गाडी मंडळात आमच्याखेरीज कोणाकडे उरलेली नाही, शिकवण्याइतका पेशन्स काकांखेरीज कोणाकडे नाही. गेल्या शनिवारी दुपारी शाळेच्या रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये पहिला धडा झाला. क्लच सोडायच्या घाईत गाडी आठ वेळा बंद पडली. नवव्या वेळी ती धक्के खात पुढे निघाली, तेव्हा भाऊ लांब, आपल्या गाडीच्या पायरीवर बसून, बोटांवर मोजत होते.